दोनशे वॅट कुणाला हवेत?

वाचकांची पत्रं, दुरुस्तीवाल्याची उत्तरं

दसरा-दिवाळी जवळ आली की अ‍ॅम्प्लिफायरची पत्रं वाढतात. शहापुरातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर वर्षभर येणारे अ‍ॅम्प आणि दिवाळीआधी येणारी ही पत्रं यांचं एक नातं आहे: जो घेताना विचारत नाही, तो घेतल्यावर माझ्याकडे येतो. यावेळी विचारणारे बरेच निघाले, बरं वाटलं.

चिकोडीहून एक निवृत्त शिक्षक: मुलानं बेंगळुरूहून बुकशेल्फ स्पीकरची जोडी पाठवली आहे. मागच्या पट्टीवर ८६ डीबी (डेसिबल), ८ ओहम, '२५ ते १२० वॅट' असं छापलंय. खोली बारा बाय चौदा फूट, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. ऐकतो ते कुमारजी, गंगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर. शेजाऱ्यांना त्रास होईल इतक्या जोरात कधीच नाही. एक दुकानदार म्हणतो, दोनशे वॅटच्या खालचा अ‍ॅम्प लावलात तर स्पीकर जळेल. दुसरा म्हणतो, पन्नासच्या वर गेलात तर जळेल. कुणाचं ऐकू?

गुरुजी, दोघांचंही नको. पट्टीवरचा सगळ्यात कामाचा आकडा ८६ आहे, आणि त्याबद्दल दोघांनीही तुम्हाला काही सांगितलं नाही.

८६ डीबी म्हणजे स्पीकरला १ वॅट दिला आणि समोर १ मीटरवर मोजलं तर एवढा आवाज मिळतो. तुम्ही साधारण ३ मीटरवर बसता. अंतरामुळे आवाज कमी होतो, पण स्पीकर दोन आहेत आणि खोलीच्या भिंती थोडा आवाज परत देतात. सगळं धरून तुमच्या खुर्चीपाशी दर स्पीकरला १ वॅट दिल्यावर अंदाजे ८२ डीबी पोचतील. आता तुम्ही ऐकता त्या पातळीवर, म्हणजे शांत संध्याकाळी विलंबित ख्याल ऐकायला, सरासरी ७५-७६ डीबी भरपूर झाले. ८२ वरून ७६ म्हणजे ६ डीबी खाली. दर ३ डीबीला वॅट निम्मे होतात, म्हणजे लागले पाव वॅट. होय, पाव!

मग अ‍ॅम्प पाव वॅटचा घ्यायचा का? नाही, कारण गाणं सरासरीवर चालत नाही. तंबोरे आणि संथ आलाप चाललेले असतात, मध्येच तबलजी डग्ग्यावर एक भरघोस थाप देतो. चांगल्या, न दाबलेल्या ध्वनिमुद्रणात अशी थाप सरासरीच्या १५ ते २० डीबी वर जाते. १८ धरा. १८ डीबी म्हणजे सुमारे ६३ पट ताकद. पाव वॅट गुणिले ६३, झाले १६ वॅट, आणि तेही डोळ्याचं पातं लवेपर्यंत. एखाद्या दिवशी नातवंडं आली आणि तुम्ही आवाज आणखी ६ डीबीनं वाढवलात, तर सरासरी १ वॅट आणि थापेला ६३ वॅट. उसाची भरलेली ट्रॉली सपाट रस्त्यावर कुठलाही ट्रॅक्टर ओढतो, चढ लागला की इंजिन कळतं. अ‍ॅम्पचे वॅट घ्यायचे ते या चढासाठी.

म्हणून माझं उत्तर: दर चॅनेलला ८ ओहमवर खरे ४० ते ६० वॅट. एखादी थाप क्षणभर ६३ मागेल खरी, पण चांगला अ‍ॅम्प क्षणापुरतं कागदावरच्या आकड्याच्या थोडं वर देतोच. दोनशेचा घेतलात तरी कानाला फरक फारसा पडणार नाही. ५० वरून १०० वॅटला गेलात तर मिळतात फक्त ३ डीबी, आणि आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डीबी, म्हणजे दहापट वॅट लागतात. पैसे मात्र दुप्पट मोजताना लगेच कळतात.

आता जळण्याचं. छोटा अ‍ॅम्प त्याच्या कुवतीबाहेर रेटला की लाटेचे माथे सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत वरच्या पट्टीचे नको ते स्वर तयार होतात, सरासरी ताकदही वाढते, आणि त्या उष्णतेनं आधी बिचारा ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, जातो. म्हणजे पहिला दुकानदार इथं खरा. आणि मोठ्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम लग्नघरात कुणी पाहुण्यानं शेवटपर्यंत फिरवला तर वूफरची, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरची, कॉइल जाते, म्हणजे दुसराही खरा. पण तुमच्या घरात पाव वॅटवर यातलं काहीच होत नाही. '२५ ते १२०' ही कंपनीनं दिलेली ढोबळ शिफारस आहे, त्यातल्या वरच्या टोकाला पोचायचं बंधन नाही.

'खरे वॅट' हा शब्द मी मुद्दाम वापरला. माहितीपत्रकात आरएमएस किंवा 'कंटिन्युअस', म्हणजे सतत देता येणारी ताकद, लिहिलंय का, दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू ठेवून मोजलंय का, किती ओहमवर, आणि विकृती किती टक्के, हे चार प्रश्न विचारा. १० टक्के विकृतीला मोजलेले ५० वॅट ऐकवत नाहीत. पीएमपीओ नावाचा, क्षणभराच्या कमाल ताकदीचा म्हणून छापलेला आकडा दिसला तर पत्रक तिथंच घडी करून ठेवा. तो कशावरून काढतात याचा काही नेम नसतो. हा आकड्यांचा खेळ आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत १९७४ साली सरकारला नियम काढावा लागला होता की घरगुती अ‍ॅम्पचे वॅट जाहिरातीत सांगायचे तर कंटिन्युअसच सांगा.

८ ओहमबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते नावाचे ८ असतात. स्वर बदलतो तसा स्पीकरचा अडथळा बदलतो, आणि खालच्या-मधल्या पट्टीत पुष्कळदा ४-५ ओहमवर उतरतो. त्यामुळे अ‍ॅम्पच्या पत्रकात ४ ओहमचाही आकडा दिलेला असावा आणि तो ८ ओहमच्या आकड्यापेक्षा बऱ्यापैकी मोठा असावा. ८ ला ५० आणि ४ ला ८०-९० असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय दमदार आहे. ४ ओहमचा उल्लेखच टाळला असेल तर का टाळला ते विचारा. जुन्या पद्धतीचा, म्हणजे क्लास एबीचा अ‍ॅम्प असेल तर सरळ उचलून बघा. ५० अधिक ५० वॅटचा अ‍ॅम्प एका हातानं सहज उचलला जात असेल तर आत लोखंड-तांबं कमी आहे. क्लास डीला, म्हणजे नव्या स्विचिंग पद्धतीच्या जातीला, ही परीक्षा लावू नका, ते हलकेच असतात.

दुकानात जाताना तुमची रोजची ध्वनिमुद्रणं घेऊन जा. दुकानदार लावतो ती धडधडणारी गाणी ऐकून काही कळत नाही. त्याआधी गाणं न लावता व्हॉल्यूम अर्ध्यावर नेऊन स्पीकरला कान लावा. सूं आवाज अगदी जवळ ऐकू आला तर चालेल, हातभर अंतरावरून आला तर नको. घुंऽऽ अशी घरघर आली तर अजिबात नको, तंबोऱ्याच्या खर्जात ती कायमची मिसळून बसेल.

आणि गुरुजी, अ‍ॅम्पआधी शहाबादीवर एक जाड जाजम किंवा दोन घोंगडी अंथरा, स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट येऊ द्या. फरशी आणि स्लॅब यांच्यामध्ये आवाज जो टोलवला जातो तो कुठल्याही अ‍ॅम्पनं कमी होत नाही.

निपाणीहून, मंडळाचा एक कार्यकर्ता: काका, आमच्या मंडळाचा अ‍ॅम्प गणपती झाला की वर्षभर कपाटात पडून असतो. लै भारी आवाज आहे. घरातले बॉक्स स्पीकर त्याला लावले तर चालतील की नाही? नवा घ्यायचा खर्च वाचंल.

आधी सांग, खजिनदाराला विचारलंस का?

विचारलं असशील तर पाठीमागच्या पट्टीवर बघ. मंडपातले कर्णे लावायचे अ‍ॅम्प असतात त्यांच्या मागं बहुतेक ४, ८, १६ ओहमच्या जागा असतात आणि शेजारी ७० किंवा १०० व्होल्ट लिहिलेल्या. त्या व्होल्टच्या जागा लांब वायर ओढून पुष्कळ कर्णे जोडायला असतात, प्रत्येक कर्ण्याला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. १०० व्होल्टच्या जागी घरातला ८ ओहमचा स्पीकर थेट लावलास तर गणितानं तो १२५० वॅट मागेल. धूर कुणाचा आधी निघतो एवढंच बघायचं राहील. ८ च्या जागेवर लावलास तर वाजेल, पण हे अ‍ॅम्प भाषणासाठी आणि आरतीसाठी बनवलेले. बोलणं लांबवर स्पष्ट जावं म्हणून खालचा-वरचा भाग छाटलेला असतो, आणि बहुतेक वेळा चॅनेल एकच. घरात ऐकताना डबा वाजल्यासारखं होईल.

तुमचा अ‍ॅम्प डीजेवाल्यांकडे असतो तसला दोन चॅनेलचा, पंखेवाला असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा दर्जा चांगला असू शकतो. पण पंखा सतत घोंघावतो, आणि ताकद एवढी की व्हॉल्यूम जरा सरकला की संपलं. फोन थेट जोडला तर त्याला पुरेसा सिग्नलही मिळत नाही, मध्ये मिक्सर लागतो. दोन-चार महिने चालवून बघायला हरकत नाही. व्हॉल्यूमच्या बटणावर खडूनं एक खूण कर आणि घरच्यांना सांग, या पुढं न्यायचं नाही.

खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या बाजूच्या एक ताई: अण्णा, सासऱ्यांचा जुना अ‍ॅम्प आहे, ऐंशीच्या दशकातला. एक बाजू मधूनच बंद पडते, बटण फिरवलं की खरखर करते. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट डिम असते, जाते-येते. इन्व्हर्टर आहे. मुलगा म्हणतो हा भंगारात घालूया, नवा घेऊया. सासऱ्यांचं मन मोडवत नाही. दुरुस्त होईल का?

ताई, तुम्ही लिहिलेली लक्षणं ऐकून तरी तो भंगाराचा वाटत नाही. खरखर येते ती व्हॉल्यूमच्या आतल्या पट्टीवर धूळ आणि दमटपणा बसल्यानं. एक बाजू मधूनच जाते ती बहुतेक करून स्पीकरच्या रिलेचे, म्हणजे आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे, काटे काळे पडल्यानं, नाहीतर बोर्डावर ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाग, असल्यानं. आवाज एकदम मोठा केल्यावर गेलेली बाजू परत येत असेल तर रिले समजा. तिन्ही कामं किरकोळ आहेत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून साफ करणं, रिले बदलणं, सोल्डर परत वितळवणं, बस. घरच्या घरी खोबरेल किंवा रॉकेल घालू नका. माझ्याकडे असे तेलात न्हालेले व्हॉल्यूम येतात, ते पुढं बदलावेच लागतात.

एवढ्या वयाच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर सप्लायचे मोठे कॅपॅसिटर मात्र वाळलेले असू शकतात. घरघर वाढली असेल किंवा कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसत असेल तर ते बदलून घ्या. बराच काळ बंद असलेला अ‍ॅम्प थेट भिंतीच्या प्लगला लावू नका. दुरुस्तीवाला आधी सिरीज बोर्डवर लावून बघेल, म्हणजे शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब मध्ये घालून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्बनं ही परीक्षा होत नाही, तारेचाच हवा. दुरुस्तीवाल्याकडे एवढंसुद्धा नसेल तर दुसरा शोधा.

आऊटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर स्पीकरमध्ये सरळ डीसी जातो आणि कॉइल जळते. तो थांबवणारी प्रोटेक्शनची सोय तुमच्या अ‍ॅम्पमध्ये आहे का ते दुरुस्तीवेळी बघून घ्या. नसेल तर बाजारात तयार बोर्ड मिळतो, तो बसवून घेणं स्पीकर बदलण्यापेक्षा स्वस्त. स्पीकर त्याच काळातले असतील तर वूफरच्या कडेची गादी दाबून बघा. फोमची असेल तर आपल्या पावसात ती साबणासारखी विरून गेलेली असेल, रबर किंवा कापडाची असेल तर पुष्कळ टिकते.

आता लाईटचं. ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये बाहेरचा दाब पडला की आतलाही त्याच प्रमाणात पडतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर ५० वॅटचा अ‍ॅम्प ३० वॅटचा होतो. तुम्ही हळू आवाजात ऐकत असाल तर कळणारही नाही. धोका कमी दाबाचा नाही, लाईट परत येताना बसणाऱ्या झटक्याचा आहे. गेली की अ‍ॅम्पचं बटण बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो आणि तीच गुणगुण स्पीकरमधून येते. साईन वेव्हचा असेल तर अ‍ॅम्प खुशाल लावा. विजा चमकायला लागल्या की प्लग काढाच, आणि टीव्हीच्या डिशची वायर अ‍ॅम्पच्या पेटीशी कुठं जोडलेली असेल तर तीही. तुमच्या भागातल्या विजा मी सांगायला नकोत.

पावसाळ्यात अ‍ॅम्पवर प्लास्टिक घालून ठेवता ना? बंद असताना घाला, पण दर दोन दिवसांनी काढून तासभर चालवा. आतल्या उबेनं जो दमटपणा निघतो तो कुठल्याही झाकणानं निघत नाही. ओल्या भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा. मुलाला सांगा, त्याच पैशात येणाऱ्या नव्या अ‍ॅम्पमध्ये हा ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही. आणि दुरुस्तीनंतर आजोबांना पहिलं गाणं लावू द्या.

बेळगावहून, अभियांत्रिकीचा विद्यार्थी: सर, टीपीए ३११६ चिपचा तयार बोर्ड ऑनलाइन मागवलाय. त्यावर १०० अधिक १०० वॅट लिहिलंय. घरात १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर आहे आणि जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा. स्पीकर ८ ओहमचे आहेत. पुरेल का?

अभियांत्रिकीला आहेस तर गणित तूच करून पाठवायला हवं होतंस. या चिपचं आऊटपुट ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे लाटेचा माथा जास्तीत जास्त सप्लायच्या व्होल्टइतका. ताकद म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. १२ व्होल्ट आणि ८ ओहम: १४४ भागिले १६, झाले ९ वॅट. १९ व्होल्टला साडेबावीस. २४ व्होल्टला ३६. प्रत्यक्षात याच्याही थोडं खाली. बोर्डावर शंभर छापा नाहीतर हजार, या हिशेबाच्या वर जायला जागाच नाही. चिप बनवणारे स्वतः सांगतात ते २१ व्होल्ट आणि ४ ओहमवर ५० अधिक ५० वॅट.

पण साडेबावीस वॅट खोलीला पुरतात, वर गुरुजींना लिहिलेलं वाच. लॅपटॉपचा अ‍ॅडाप्टर वापर, त्यावर निदान ३ अ‍ॅम्पिअर लिहिलेले असू देत. क्लास डीमध्ये ताकदीचा मोठा भाग स्पीकरला जातो, उष्णता कमी, त्यामुळे चिपवरचा छोटा हीट सिंक पुरतो. एक चूक मात्र करू नकोस: दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र बांधायच्या नाहीत आणि अ‍ॅम्पच्या पत्र्याच्या पेटीलाही लावायच्या नाहीत. ब्रिजमध्ये काळी वायरसुद्धा जिवंत असते. तिथं ग्राउंड समजून जोडलेले बोर्ड माझ्या कचऱ्याच्या डब्यात बरेच आहेत.

हे जमलं की पुढं एलएम ३८८६ या चिपवर हात बसव. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, कॅपॅसिटर सगळं स्वतः जोडावं लागतं, अधिक-उणे २८ व्होल्टवर ८ ओहमला ३८ वॅट आणि ४ ओहमला ६८ वॅट मिळतात. हीट सिंक मोठा लागतो. उद्यमबागेतल्या कारखान्यांत ओळख काढ, अ‍ॅल्युमिनियमचा जाड तुकडा सपाट करून, भोकं पाडून मिळेल. चिप मात्र ओळखीच्या माणसाकडूनच घे, या नंबरच्या नकली चिपा पोत्यानं फिरतात. आणि मला सर म्हणू नकोस.

संकेश्वरहून: हॉलमध्ये दोन, माडीवर दोन, असे चार स्पीकर एकाच अ‍ॅम्पला लावायचे आहेत.

लावता येतात, अ‍ॅम्प ४ ओहमला चालतो असं लिहिलेलं असेल तर. ८-८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात. तुमचे स्पीकर ६ ओहमचे असतील तर ३ होतील, तेव्हा नाही. 'ए अधिक बी' बटण असलेल्या अ‍ॅम्पच्या मागची सूचना वाचा, त्यात दोन्ही जोड्या मिळून कमीत कमी किती ओहम हवेत ते दिलेलं असतं. माडीसाठी वेगळा छोटा अ‍ॅम्प घेतलात तर मात्र खाली बातम्या आणि वर भजन एकाच वेळी चालतील, घरात शांतता राहील.

अथणीहून: स्पीकरची वायर मीटरला पाचशे रुपयांची घ्यावी का?

नको. वायरिंगच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, बारीक तारांची जुळी वायर घ्या. १० मीटर लांब नेलीत तर जाऊन-येऊन पाव ओहमच्या आत अडथळा, ८ ओहमच्या स्पीकरला ठीक. ४ ओहमचा असेल किंवा याहून लांब जायचं असेल तर २.५ ची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावानं विकतात, टोक सोलून ब्लेडनं खरवडा, आतून पांढरं निघालं तर परत करा. जोडल्यावर खर्ज पोकळ वाटला आणि गायक मध्यभागी न येता कुठंतरी पसरलेला वाटला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. दोन स्पीकर शेजारी-शेजारी ठेवा, एकाच्याच वायरी उलटसुलट करून ऐका. ज्या जोडणीत खर्ज भरतो ती बरोबर.